उबगबिंदू

त्या वर्षी महाराष्ट्रात कंटाळा मिळेनासा झाला.

हसू नका. टंचाई म्हणजे अगदी खरीखुरी टंचाई. नाटकाचा दुसरा अंक रटाळ म्हणून कोणी उठून जात नव्हतं. मंगलाष्टकं लांबली म्हणून मांडवात कोणी कुरकुरत नव्हतं. सरकारी कचेऱ्यांत लोक रांगा लावून तासन् तास उभे राहत आणि वर 'छान व्यवस्था आहे हं' म्हणत घरी जात. राजीनामे बंद, घटस्फोट बंद. संप म्हणजे काय हे शाळेतली पोरं परीक्षेपुरतं पाठ करत. एखाद्याने चारचौघांत जांभई दिलीच तर लोक त्याला डॉक्टरकडे जायला सांगत. वर्तमानपत्रं याला सुवर्णयुग म्हणत होती. त्यांचं काय जातंय म्हणायला!

आणि या सुवर्णयुगाच्या मुळाशी होता मोबाइलवरचा एक खेळ, ज्यात शेजाऱ्याच्या कोंबड्या हाकलायच्या असत.

खेळाचं नाव 'अंगण'. पुण्याच्या 'रमणा' नावाच्या कंपनीने तो काढला होता. तुम्हाला एक अंगण मिळायचं. ते झाडायचं, सारवायचं, कुंपणावर वेल चढवायचा आणि शेजारच्या कोंबड्या आत शिरल्या की हुसकायच्या. बस्स, एवढंच. याहून शंभरपट दमदार खेळ बाजारात धूळ खात पडले होते. मोबाइलवरच्या खेळांच्या धंद्याचं हेच जुनं दुखणं होतं, की माणूस येतो झटकन आणि जातोही झटकन. का जातो? कोणी म्हणे खेळ फार सोपा म्हणून, कोणी म्हणे फार अवघड म्हणून, कोणी जाहिरातींवर खापर फोडी. डॉ. सुहृद नातू या मेंदूशास्त्रज्ञाने तो प्रश्नच बदलला. लोक का जातात ते सोडा, म्हणाले, केव्हा जातात ते बघा.

त्यांनी बघितलं, आणि त्यांना 'उबगबिंदू' सापडला. पाण्याला जसा उत्कलनबिंदू असतो तसा प्रत्येक माणसाला प्रत्येक गोष्टीचा एक उबगबिंदू असतो. तिथे पोचला की माणूस हातातलं टाकतो आणि उठतो. पण पाणी उकळण्याआधी तळाशी बुडबुडे धरतात, तसं उबग येण्याआधी शरीरात काही बारीक बदल होतात. बोटाचा काचेवरचा दाब हलका होतो, डोळ्याची बाहुली किंचित आकसते, श्वास लांबतो. आपण उठणार आहोत हे त्या माणसालाही अजून ठाऊक नसतं. हातातल्या फोनला मात्र कळतं, आणि कळताक्षणी खेळ आच कमी करतो.

आच कमी करण्याच्या या प्रकाराला 'थोपवणी' म्हणत. थोपवणी म्हणजे नुसती बक्षिसं वाटणं नव्हे, तो झाला बाळबोध उपाय. कोणाला पांढऱ्या कोंबडीचं अंडं मिळे. कोणाचा वेल मुद्दाम सुकवला जाई, कारण चीड आली की तो माणूस जास्त टिके. आणि बहुतेकांना तर खेळ चक्क हाकलून देई. 'पुरे आता, जेवून या,' असं गोड आवाजात सांगे. पोट भरायच्या आत ताट ओढून घेतलं की माणूस भुकेला राहतो आणि आपल्या पायांनी परत येतो. त्यामुळे कोणाचं जेवण चुकत नव्हतं, झोप मोडत नव्हती, नोकरी जात नव्हती. तक्रार करायची ती कशाची?

मग 'रमणा'ने तीच विद्या मनगटपट्टीत घातली. पट्टी हातावर असली की कचेरीत, वर्गात, संसारात, जिथे कुठे उबगबिंदू जवळ येईल तिथे थोपवणी हजर. कधी कानात एखादी जुनी धून वाजे, कधी 'जरा गॅलरीत फिरून या' असा सल्ला मिळे. एक पिढी अशी तयार झाली जिला कशाचाच वीट येत नव्हता. सगळे कसे आपापल्या जागी होते.

अपवाद होता तो एका बाईचा.

रत्नागिरीत मांडवीच्या बाजूला राहणाऱ्या उल्का शेट्येला सगळा गाव 'धरसोड' म्हणत असे, तोंडावरसुद्धा. पार्लर काढलं, बंद केलं. शिवणाचे वर्ग काढले, बंद केले. विमा विकला, रोपं विकली, पर्यटकांसाठी होडी चालवली, ती एका दुपारी किनाऱ्याला लावली आणि परत फिरून बघितलं नाही. नवरा सोडला तोही असाच. 'वाईट नव्हता हो तो,' ती सांगे, 'पण एकच गोष्ट रोज सांगायचा, नि रोज आधी स्वतःच हसायचा.' सध्या कोळंबीच्या लोणच्याचा धंदा चालू होता आणि गावाने त्याला दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती.

एकच माणूस तिने कधी सोडलं नव्हतं. तिची लेक, ओजस्वी.

ही ओजस्वी लहानपणी एक नंबरची भांडकुदळ. तेच तेच गणित सोडवायला लावतात म्हणून पाचवीत मुख्याध्यापिकेशी भांडलेली. आईशी तर दिवसातून चारदा. दार आपटून जायची, तासाभराने भूक लागली की तेच दार आपटून यायची. आता ती चोवीस वर्षांची होती, पतसंस्थेच्या खिडकीत बसत होती, संध्याकाळी कोंबड्या हाकलत होती आणि मनगटावर पट्टी आल्यापासूनच्या चार वर्षांत तिने एकदाही दार आपटलं नव्हतं. कालची शिळी आमटी वाढली तरी 'छान झालीय हं, आई.' उल्काने एकदा मुद्दाम आमटीत मीठ घातलं नाही. 'छान झालीय हं, आई.' त्या दिवशी उल्का मोरीत जाऊन रडली. पोर घरात होती आणि घरात नव्हती, आणि हे सांगावं तर गाव म्हणे, अगो, एवढी गुणी पोर मिळाल्ये, आणखी काय हवं तुला?

अशा घरी एका सकाळी डॉ. सुहृद नातू आले. उल्का बरण्या भरत होती.

"तुम्हीच का उल्का शेट्ये?"

"लोणचं हवं असेल तर सोमवारनंतर या. नको असेल तर चपला बाहेर काढा नि आत या."

डॉक्टर आत आले. पन्नाशीचे, सडपातळ, हातात मनगटपट्टी. त्यांनी आपलं नाव सांगितलं, 'रमणा'तलं काम सांगितलं आणि म्हणाले, "तुम्ही 'अंगण' बऱ्याच वेळा घेतलंत आणि तितक्याच वेळा काढून टाकलंत."

"मग? कोंबड्या परत द्यायच्यात की काय?"

"तसं नाही, उल्काताई. राज्यात असं करणारं दुसरं माणूस आम्हाला सापडलेलं नाही."

उल्काने हात पुसले आणि आतल्या खोलीकडे बघून मोठ्याने म्हणाली, "ओजू, ऐकलंस काय? तुझ्या आईचं राज्यात नाव झालं."

"छान आहे हं, आई," आतून आवाज आला. त्यापाठोपाठ कोंबडीचा.

उल्का वळली तेव्हा तिच्या डोळ्यांत जाळ होता. "डॉक्टर, माझ्या पोरीला काय केलंत तुम्ही?"

"काही इजा नाही तिला. मी तिच्या नोंदी बघूनच आलोय. प्रकृती उत्तम, झोप उत्तम. समाधानी आहे ती."

"समाधानी माणसं मी पाहिल्येत. ती भांडतात."

 डॉक्टर आपल्या विषयावर आले. शास्त्रज्ञ माणूस अडचणीत सापडला की उदाहरण देतो, तसं त्यांनीही दिलं. "मायक्रोवेव्हमध्ये अगदी गुळगुळीत भांड्यात पाणी तापवलं तर कधी कधी गंमत होते. पाणी उकळीच्या पुढे जातं, पण दिसतं शांत. एक बुडबुडा नाही. आणि चमचा घातला रे घातला की सगळं भसकन उसळून अंगावर येतं. बाकीच्यांचा उबग बुडबुडे देत देत येतो. तुमचा असा येतो. एका क्षणी तुम्ही रमलेल्या असता, दुसऱ्या क्षणी संपलं. आमच्या थोपवणीला सावध व्हायला वेळच मिळत नाही."

"माझी आई याला 'हिचं डोकं फिरलं' म्हणायची."

"तुमच्या त्या क्षणाच्या अलीकडे नक्की काय घडतं ते आम्हाला मोजायचंय. पुण्याला येऊन आमच्या यंत्राला जोडून खेळायचं. तुमच्या होकाराशिवाय काहीच करता येत नाही. मेंदूचा आराखडा ही ज्याची त्याची मालमत्ता, असा कायदाच आहे." डॉक्टरांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. "त्याच्या बदल्यात ओजस्वीवरची थोपवणी कंपनी काढून घेईल. तिला पुन्हा कंटाळा येऊ लागेल."

उल्काच्या हातातला चमचा बरणीतच राहिला. पोर पुन्हा भांडेल! पुन्हा दार आपटेल!  पण पाच धंदे बुडवलेली बाई होती ती, समोरचा काय देतो याआधी तो काय नेतो हे बघायची सवय लागलेली.

"नि माझं काय होईल?"

"तुमच्यासारख्यांना कसं थोपवायचं ते यंत्रणेला समजेल."

"म्हणजे लेक सुटली की आई अडकली."

"अडकलात असं तुम्हाला वाटणारच नाही, उल्काताई. खरंच सांगतो."

"तेच तर म्हणत्ये मी, मेल्या!" उल्का ओरडली. आतली कोंबडी एकदम गप्प झाली. "बरं, मला एक सांगा डॉक्टर. तुम्हाला शेवटचा कंटाळा कधी आला होता?"

डॉक्टर हसले. मग आठवू लागले. आठवत राहिले. एकाच प्रयोगशाळेत, एकाच खिडकीशी, एकाच प्रश्नावर ते किती वर्षं बसून होते! "मला काम आवडतं माझं," ते म्हणाले आणि त्यांची नजर आपोआप मनगटावरच्या पट्टीकडे गेली. "प्रयोगशाळेत सगळ्यांनाच घालावी लागते ही."

"असं होय."

 मग उल्काने चहा टाकला आणि अगदी साधेपणाने विचारलं, "तुमची ती यंत्रणा शिकते तरी कोणाकडून?"

"सोडून जाणाऱ्यांकडून. खेळत राहणारा माणूस तिला काहीच शिकवत नाही. जो उठून गेला तो कसा गेला, जाण्याआधी त्याचं बोट कसं होतं, डोळे कसे होते, यावरून ती अंदाज बांधायला शिकते. पूर्वी रोज लाखो लोक सोडून जायचे, भरपूर नमुने मिळायचे. आता कोणी जातच नाही. हीच आमची अडचण आहे. यंत्रणा जुन्या नमुन्यांवर चाललीय. म्हणून आम्ही तिला शिकवून ठेवलंय, की नवा उठून जाणारा सापडला की त्याचं वजन जुन्या हजारोंच्या बरोबरीचं धरायचं."

"म्हणजे घरात म्हातारं माणूस एकच उरलं की सगळे सल्ले त्याचेच."

"तसंच काहीसं."

"नि त्या म्हाताऱ्याला चळ लागला असेल तर?"

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. "तुम्ही खोटं खोटं उठलात तर यंत्रणा ओळखते. उबग खरा यावा लागतो. आणि खरा उबग काही मागवून येत नाही."

"खऱ्याची काळजी तुम्ही नका करू," उल्का म्हणाली. "येत्ये मी पुण्याला."

डॉ. नातूंना तिथेच सगळं कळायला हवं होतं. कळलंही असेल. शास्त्रज्ञाला जे कळतं ते सगळं तो स्वतःला सांगतोच असं नाही.

पुण्यात 'रमणा'च्या प्रमुख समिधा राजवाडे यांनी उल्काचं हार घालून स्वागत केलं. एवढ्या वर्षांत कंपनीच्या दारात आलेला हा पहिला कंटाळलेला माणूस! तिच्या डोक्याला जाळीची टोपी बसवली, बोटांना चिकटपट्ट्या लावल्या आणि समोर 'अंगण' ठेवलं.

उल्का खेळायला बसली. आणि हे नीट ध्यानात घ्या, ती मनापासून खेळली. रमायचं नाही असं ठरवून बसलेल्याला कंटाळा येत नाही, त्याला नुसता कंटाळल्याचा आव आणता येतो. उल्काने अंगण झाडलं, सारवलं, वेलाला पाणी घातलं, एका काळ्या कोंबडीवर तर तिचा जीवच जडला. आणि मग, बोटाचा दाब तसाच, डोळे तसेच, श्वास तसाच असताना, तिने फोन बाजूला सारला. "झालं. उबगले."

काचेपलीकडे टाळ्या वाजल्या. यंत्रणेला नवा नमुना मिळाला.

"दुसरं काहीतरी द्या," उल्का म्हणाली.

त्यांनी दुसरा खेळ दिला. तिसरा दिला. शेतीचा, शर्यतीचा, शब्दांचा, लढाईचा. प्रत्येकात ती लहान पोरीसारखी शिरे, आरडाओरडा करे, जिंकली की मांडीवर थाप मारे, आणि मधेच उठे. आयुष्यभर जी शिवी तिने खाल्ली, आईकडून, नवऱ्याकडून, दोन्ही घरच्यांकडून, ती आता तिच्या कामी येत होती. हो, आहे मी धरसोड. बघाच आता. एकदा मधाळ आवाजात खेळ म्हणाला, 'पुरे आता, चहा घेऊन या,' तेव्हा उल्काने त्याला सुनावलं, "तू कोण रे मला चहा घे सांगणारा? मला वाटेल तेव्हा घेईन!" आणि तिथल्या तिथे उबगली.

समिधाबाई खूष होत्या. नमुन्यांचा पाऊस पडत होता. जितके जास्त नमुने तितकी यंत्रणा हुशार, हा त्यांच्या धंद्यातला पहिला धडा. कोणाच्या हे डोक्यात आलं नाही, की सगळे नमुने एकाच बाईचे आहेत. नमुन्यांना ते इतके उपाशी होते, की ताटात काय पडतंय हे बघायचं भान कोणाला नव्हतं. आणि ज्यासाठी तिला बोलावलं ते, म्हणजे त्या क्षणाच्या अलीकडे तिच्या मेंदूत काय घडतं ते, हळूहळू, एकच खेळ पुन्हा पुन्हा देऊन शोधायला हवं होतं. ते मागे पडलं.

डॉ. नातूंना मात्र पडद्यावर दिसत होतं. यंत्रणा बुडबुड्यांकडे बघायचं सोडत चालली होती. माणूस उठतो तो काहीही सूचना न देता उठतो, असं तिचं ठाम मत बनत होतं. हीच यंत्रणा बाहेर सोडली तर ती लाखो बोटं हलकी होताना बघेल आणि म्हणेल, यात काही विशेष नाही. थोपवणी डोळे असून आंधळी होईल.

दुपारच्या सुट्टीत ते उल्काजवळ येऊन बसले. "तुम्ही काय करताय ते मला दिसतंय."

"मग जा नि सांगा तुमच्या बाईंना."

 डॉक्टरांनी कोटाची बाही वर केली. मनगटावर पट्टी नव्हती, तिचा पांढरा वळ होता. "तुमच्याकडून आल्यावर काढून ठेवली. म्हटलं, बघू या. उल्काताई, भयंकर आहे हे! सगळ्याचा वीट येतोय मला. त्या खिडकीचा, त्या प्रश्नाचा, माझ्याच आवाजाचा. एवढी वर्षं मी तिथे बसलो ते मला बसायचं होतं म्हणून, का मला उठूच दिलं नाही म्हणून? मला ठरवता येत नाही."

"बरे होताय तुम्ही," उल्का म्हणाली आणि त्यांना आपल्या डब्यातली भाकरी दिली.

डॉक्टरांनी कोणाला काही सांगितलं नाही. पाडव्याच्या मुहूर्तावर नवी यंत्रणा सगळ्या फोनांत आणि सगळ्या मनगटपट्ट्यांत गेली. ओजस्वीवरची थोपवणी काढायचं वचनही कंपनीने पाळलं. त्याची आता काही गरज नव्हती म्हणा.

आधी जांभया आल्या. बसमध्ये एकाने दिली, ती सगळ्या बसला लागली. आरोग्य खात्याने साथ असल्याचं जाहीर करून कोमट पाणी प्यायला सांगितलं. मग एका सभेत मंत्री बोलत असताना मागच्या रांगेतला माणूस उठून चालू लागला, आणि त्याच्यामागे अर्धी सभा. शाळांत पोरांनी वह्यांच्या मागच्या पानांवर चित्रं काढायला घेतली. एका खानावळीत भाजीला सगळ्यांनी नाकं मुरडली आणि तिथल्या आचाऱ्याने बऱ्याच वर्षांत प्रथमच नवी भाजी करून बघितली. ती वाईट झाली होती. लोकांनी ती आवडीने खाल्ली.

आणि मांडवीच्या त्या घरात ओजस्वी कॉटवर लोळत कोंबड्या हाकलत होती, ती एकदम उठून बसली. "शी! काय तेच तेच!" तिने फोन उशीवर फेकला. "आई, आणि दुपारची ती आमटी काय होती? पाणी नुसतं! तुला चवच राहिली नाही हल्ली."

उल्काने पळी टाकली आणि पोरीला कवटाळलं. "बोल गो, बोल! आणखी बोल माझ्या बाय!"

"सोड ना! काय झालंय तुला?" ओजस्वीने हिसडा मारला, खोलीत गेली आणि दार असं आपटलं की कॅलेंडर खाली पडलं. उल्का त्या बंद दारासमोर उभी राहून हसत होती आणि रडत होती. तिने शेजारच्या बायकांना बोलावून दाराआडून येणारी पोरीची चिडचिड ऐकवली. सगळ्या गावाला तिने त्या दिवशी लोणचं वाटलं.

तो आनंद आठवडाभर टिकला.

आठव्या दिवशी ओजस्वी पाठीवर पिशवी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. चेहरा रागावलेला नव्हता. रागावलेला असता तर उल्काला समजलं असतं.

"आई, मी चालले."

"पतसंस्थेत एवढ्या लवकर?"

"ती नोकरी परवाच सोडली. मी चालले म्हणजे इथून चालले. कुठे ते ठरवलेलं नाही." ती जरा अडखळली, पण थांबली नाही. "मला तुझा कंटाळा आलाय, आई. तुझ्या लोणच्याचा, तुझ्या बडबडीचा, तू सारखी माझ्या तोंडाकडे बघत असतेस त्याचा. वाईट नाहीयेस तू. पण चार वर्षांपूर्वीच मला जायचं होतं असं वाटतंय. मला जाऊ दिलं नाही कोणी."

उल्काचा हात परातीतल्या पिठातच राहिला. वाईट नाहीयेस तू. हेच शब्द तिने ओजूच्या बापाला ऐकवले होते.  धावत जाऊन दार अडवावं, पाया पडावं, खोटं खोटं आजारी पडावं, सगळं मनात येऊन गेलं.

"जाशील तिथे पोटभर जेव," ती म्हणाली. "नि आवडलं नाही तर तिथूनही ऊठ. कोणाची भीड धरू नकोस."

पोर गेली. या वेळी दार आपटलं नाही, नुसतं ओढून घेतलं.

त्या दिवसांत किती घरांतून किती माणसं गेली याला सुमार नाही. डॉक्टरांचं मायक्रोवेव्हचं उदाहरण आता घरोघरी खरं होत होतं. वर्षानुवर्षं एकही बुडबुडा न येता तापलेलं पाणी एकदम उसळलं होतं. कित्येकांचा उबग आता उल्कासारखाच, काही न कळवता येत होता. जी माणसं थोडी थोडी कुरकुर करत, भांडत, रुसत, मधेच पळून जाऊन परत येत निभावून गेली असती, ती सरळ सोडून गेली. कारखाने ओस पडले, नवे संसार मांडले गेले, चळवळी उभ्या राहिल्या, गाणी झाली. आणि एक बाई तान्हं पोर शेजारणीच्या मांडीवर ठेवून गेली ती आलीच नाही. ते ऐकून उल्का दोन दिवस जेवली नाही. हे माझं पाप आहे, असं ती मोठ्याने म्हणाली, आणि ऐकायला घरात कोणी नव्हतं.

मग डॉ. नातूंचा फोन आला. त्यांनीही 'रमणा' सोडली होती, पण आता सरकारनेच त्यांना बोलावून घेतलं होतं.

"उल्काताई, जुनी यंत्रणा आम्ही परत लावून बघितली. उपयोग नाही. लोकांचे जुने बुडबुडेच राहिले नाहीत. आता सगळ्यांना थोपवायचं तर तुमच्या त्या क्षणाच्या अलीकडे काय आहे, ते कळायला हवं. ते मागच्या वेळी राहून गेलं. बाकी कोणी यंत्रापुढे धड बसतच नाही, म्हणून फक्त तुमच्यावर ते मोजता येईल. एकदा बसा, नीट, सावकाश."

"नि मग?"

"मग माणसं परततील. फारशी दूर गेलेली नाहीत. ज्याच्या हातात फोन आहे त्याला घरची आठवण कधी आणि कशी करून द्यायची हे यंत्रणा बघेल. ओजस्वी कोल्हापुरात आहे, ठीक आहे. तुम्ही हो म्हणालात तर आठवड्याच्या आत ती घरी असेल. आणि..." त्यांचा आवाज उतरला. "आणि तिला तुमचा कंटाळा पुन्हा कधीच येणार नाही."

उल्का खाली बसली. किती सोपं होतं! एक हो. पोर दारात उभी राहील, हसेल, आमटीला छान म्हणेल. जन्मभर म्हणेल.

"तुम्हाला काय वाटतं, डॉक्टर?"

"मला वाटतं तुम्ही नाही म्हणावं. पण त्या तान्ह्या मुलाचं तोंड मी पाहिलंय. म्हणून विचारतोय."

"ते पोर माझ्याकडे आणून द्या. मी सांभाळीन," उल्का म्हणाली. "जमेल का ठाऊक नाही, पण सांभाळीन. माझ्या टाळक्याला हात लावायचा नाही मात्र कोणी. ओजू यायची असेल तर तिच्या पायांनी येईल. मला कंटाळून, माझ्यावर चिडून, नाक मुरडून येईल. तुम्ही आणून दिलेली पोर मला नकोय."

"ती कधीच आली नाही तर?"

"नाही आली तर नाही आली!" उल्का ओरडली. आवाज फाटला, तरी ती ओरडलीच. "तिचं जाणं तरी तिचं आहे ना? ते कोणाच्या बापाला घेऊ देणार नाही मी!"

त्यानंतर फोन येत राहिले. सरकारचे आले, समिधा राजवाड्यांचे आले, घर सोडून गेलेल्यांच्या आईबापांचे आले. ते तर रडत, हात जोडत, शाप देत. उल्का प्रत्येकाचं ऐकून घेई. प्रत्येकाला नाही म्हणे. आणि कोणी फार लांबण लावली, की आता तिच्याकडे आलेल्या त्या तान्ह्या पोराला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत सांगे, "ठेवा आता फोन. लाइन अडून राहते. ओजूचा यायचा असला तर?"